फोडण्याआधी

एका वाटीत थोडं थोडं काढून घ्या. चार-पाच फल्लीदाणे, एक-दोन बदाम, एक काजू, चिमूटभर चारोळी, सुक्या खोबऱ्याचा तुकडा. गोडंबी मिळाली तर तीही. पातूरला ती सहज मिळेल, अकोल्याच्या किराणा बाजारातही मिळेल. इतरत्र राहत असाल तर थंडीत डिंकाच्या लाडवांचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. पिस्ता, अक्रोड घरात असतील तर असू द्यात, नसतील तर त्यांच्यासाठी उठू नका. आणि लगेच खाऊ नका. सुकामेवा मुठीने तोंडात टाकायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातला एकेक जिन्नस निरखून पाहायचा राहूनच जातो.

पहिल्यांदा फल्लीदाणा उचला. पुण्याकडे याला शेंगदाणा म्हणतील. वऱ्हाडात भुईमूग म्हणजे फल्ली आणि त्याचं तेल ते फल्लीतेल. कच्चा दाणा असला तर बरं. नखाने त्याची तांबूस साल काढा आणि हलकेच दाबा. दोन फोडी सुट्या होतील. एका फोडीच्या टोकाशी एक बारीक कोंब चिकटलेला दिसेल. कूट करताना काही घरांत तो पाखडून काढतात, कडवट लागतो म्हणून. आज तो काढू नका, पाहा.

तो कोंब म्हणजे भुईमुगाचं रोप. मूळ कुठल्या बाजूने निघणार आणि पानं कुठल्या बाजूने, हे त्यात ठरून गेलेलं आहे. उरलेल्या दोन फोडी ही त्याची शिदोरी. पहिली पानं उन्हात उघडून स्वतःचं अन्न स्वतः करू लागेपर्यंत या रोपाला याच तेलावर, याच प्रथिनांवर दिवस काढायचे असतात. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि साधारण पाव भाग प्रथिनं. ही सगळी तजवीज आपल्यासाठी केलेली नव्हती.

एवढ्यावर थोडं थांबा. मग वाटीतल्या एकेका जिनसाकडे पाहून तोच प्रश्न विचारा: यात रोप कुठे आहे आणि शिदोरी कुठे? बदाम भिजवून सोलला तर निमुळत्या टोकाशी कोंब सापडेल. काजूच्या दोन पाकळ्या अलग केल्या तर त्यांच्या सांध्यावर सापडेल. चारोळी इतकी लहान की डोळ्यांना ताण पडेल, पण तिच्यातही दोन दळं आहेत आणि त्यांच्यामध्ये कोंब. खोबऱ्याच्या तुकड्यात मात्र काहीच मिळणार नाही. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी जो डोळा मऊ असतो त्याच्याखाली कोंब दडलेला असतो, आणि खोबरं म्हणजे त्याच्यासाठी आतल्या भिंतीवर थरावर थर साठवून ठेवलेलं अन्न. फल्लीत रोपाने शिदोरी स्वतःच्या अंगात, दोन फोडींत भरून घेतली. नारळात ती रोपाच्या बाहेर ठेवलेली आहे. आपण दोन्ही किसतो, दोन्ही भाजतो आणि दोन्हींचं वाटण करतो.

आता हाच फल्लीदाणा जिथून आला ते शेत डोळ्यांसमोर आणा. पातूर अकोल्याच्या दक्षिणेला, वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाटी, पायनघाट, संपत येते आणि बालाघाटाचे डोंगर उभे राहतात. याच डोंगरात काळ्या पाषाणात कोरलेली पातूरची लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामाता आहे. खाली शेतं, वर सागाचं आणि इतर पानगळीचं रान. अशी शिवेवरची गावं मला विचार करायला बरी वाटतात; शेतातला माल आणि रानातला माल इथे एकाच बाजारात भेटतो.

शेतात भुईमुगाचं पिवळं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. परागण बहुतेक वेळा फुलातल्या फुलात उरकलेलं असतं. मग फुलाच्या बुडाशी असलेल्या किंजपुटाखालून एक देठ वाढायला लागतो, खाली वाकतो आणि जमिनीत शिरतो. शेतकरी याला आऱ्या सुटल्या म्हणतात. आरीच्या टोकाशी ते फलित किंजपुट असतं. मातीत काही बोटं खोल गेल्यावर, अंधारात, ते आडवं होतं आणि तिथे शेंग धरते. जमीन कडक असेल आणि आरी आत शिरली नाही, तर शेंग धरत नाही. वाऱ्यावर उडणारी फळं आहेत, पाखरांनी नेलेली फळं आहेत, खारीने पुरून ठेवलेली फळं आहेत. हे झाड आपलं फळ आपल्याच हाताने पुरतं.

मूळची ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. तरी वऱ्हाडाशी तिचं नातं कागदोपत्रीही लागलेलं आहे. अकोल्याला 1969 साली पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झालं. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हे विद्यापीठ यांच्या कामातून भुईमुगाचं एक बुटकं, लवकर येणारं वाण तयार झालं आणि 1991 मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आलं: टीएजी 24. त्यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, 'ए' म्हणजे अकोला, आणि 'जी' म्हणजे ग्राउंडनट. कुठल्या तरी गुजरातच्या किंवा आंध्रच्या शेतकऱ्याच्या तोंडी अकोल्याचं आद्याक्षर असं बेमालूम बसलेलं असतं.

आता शेंगेचं टरफल आठवा. उभी शिवण असलेलं, दाबलं की त्या शिवणीवर फुटणारं. तुरीची शेंग तशीच, हरभऱ्याचा घाटा तसाच, मुगाची शेंग तशीच. वनस्पतिशास्त्र अशा फळाला शिंबा म्हणतं आणि या सगळ्यांना एका कुळात बसवतं. म्हणजे फल्लीदाणा ही एक डाळ आहे, भाजून खाल्ली तर खमंग लागणारी.

पण एकादशीला हे कुणाला सांगून पाहा. तुरीचं वरण उपवासाला चालत नाही, हरभऱ्याची डाळ चालत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत फल्लीकूट मात्र हवंच. त्याच खिचडीतला बटाटा अमेरिकेतून आलेला, मिरची अमेरिकेतून आलेली, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचाच. आपल्या आज्यांनी हे आपापसात ठरवून टाकलं आणि ते इतकं पक्कं झालं की शास्त्राने तिथे तोंड घालू नये. मला या वर्गवारीचं कौतुक वाटतं. तिने दाण्याचं कूळ विचारलं नाही, पोटाला आधार होतो का एवढंच विचारलं.

दाणा खाली ठेवा. थोडा वेळ हात मोकळे राहू द्या.

आता वनस्पतिशास्त्रज्ञ काय विचारतो ते पाहू. त्याला चवीशी, तेलाशी, वाटीशी देणंघेणं नाही. त्याचा प्रश्न असा: फूल गळल्यावर किंजपुटाच्या भिंतीचं काय झालं? ती मांसल झाली, की वाळली? सगळी कडक झाली, की फक्त आतला थर? पिकल्यावर आपणहून उकलली, की बंद राहिली? या प्रश्नाला एक विशिष्ट उत्तर आलं तरच तो त्या फळाला कपाली म्हणतो: सगळी भिंत वाळून टणक झाली, आपणहून कधी उकलली नाही, आणि किंजपुटात एकाहून जास्त किंजदलं, म्हणजे किंजपुट घडवणारे भाग, असूनही शेवटी आत एकच बी वाढलं. चॉकलेटात घालतात ते हेझलनट या व्याख्येत बसतं. थंड देशांत रस्त्यावर भाजून विकतात ते चेस्टनट बसतं. ओक झाडाचं फळ बसतं.

तुमच्या वाटीकडे पाहा. तिच्यात यातलं एकही नाही.

मग बदाम कोण, काजू कोण? ते कळायला एक आंबा मनात आणा. उन्हाळ्यातला, गावरान, रसाचा. यासाठी डोळे मिटले तरी चालतील. वरची साल. तिच्या आत गर. गराच्या आत रेषांनी वेढलेली कोय. आंबा खाऊन झाला की आपण कोय फेकतो. पण मनातल्या मनात ती फेकू नका, वाळू द्या, मग फोडा. आत पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं बी आहे. लक्षात घ्या, कोय म्हणजे बी नव्हे. साल, गर आणि कोय हे किंजपुटाच्या एकाच भिंतीचे तीन थर आहेत: बाहेरचा पातळ, मधला मांसल, आतला कठीण. बी त्यांच्याही आत. या घडणीच्या फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात.

आता मनातला आंबा हळूहळू बदलत जा. गर पातळ करा, चिवट करा, हिरवा आणि बेचव करा. पिकल्यावर तो तडकून बाजूला पडू द्या. कोय तशीच ठेवा, तिच्यावर बारीक छिद्रं पडू द्या. हा बदाम झाला. बदामाचं कठीण कवच म्हणजे त्याची कोय, आणि आपण भिजवून खातो ते कोयीतलं बी. कूळ मात्र गुलाबाचं. जर्दाळू, पीच ही त्याची सख्खी भावंडं. तिथे आपण गर खातो आणि कोय टाकतो, इथे उलट. एकच घडण, फक्त खाणाऱ्याने पसंती बदलली.

पिस्ता तसाच, त्याची कोय पिकताना आपणहून एका कडेने उघडते इतकंच. नारळ तसाच: बाहेरची गुळगुळीत साल, मधला थर काथ्याचा, आतला थर करवंटीचा. अक्रोडाबद्दल खुद्द शास्त्रज्ञांचं एकमत नाही, कारण त्याच्या हिरव्या बाह्य आवरणात फुलाचे इतर भागही मिसळलेले असतात. आपण त्या वादात पडायला नको. चिलगोजा तर फळाच्याही आधीच्या जमान्यातला, देवदाराच्या नातलगाचं उघडं बी, त्याला किंजपुटाची भिंतच नाही. मखाना हे पाण्यातल्या कमळवर्गातल्या वनस्पतीचं बी, भाजून फुलवलेलं.

आणि चारोळी. ती तळहातावर घ्या. रानात चाराचं झाड उन्हाळ्यात बारीक फळांनी भरतं. कच्ची हिरवी, पिकली की काळपट जांभळी. मेळघाटात, सातपुड्यात पोरं ती तशीच चोखून खातात. गर थोडाच, पण गोड-आंबट. उरते ती लहानशी टणक बी, म्हणजे पुन्हा कोयच. फळं भिजवून, चोळून गर काढायचा, कोयी वाळवायच्या, दगडी जात्यातून बेताने भरडायच्या, मग पाखडून आतला गर वेगळा करायचा. श्रीखंडावर आपण ज्या चार चारोळ्या शोभेला टाकतो, त्यातली प्रत्येक एका फळाची एकेक कोय फोडून निघालेली असते. कुळाच्या दृष्टीने चाराचं झाड आंब्याच्या घरातलं. पिस्ता त्याच घरातला. काजूही त्याच घरातला. गोडंबीसुद्धा. म्हणजे वाटीतला मेवा पाहिला तर त्यातला बराचसा आंब्याचा गोतावळा निघतो, आणि आपण तो कोयी फोडून मिळवलेला आहे.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. पातूरच्या शिवारात कपालीच्या व्याख्येच्या सर्वांत जवळ जाणारं फळ शोधायचं तर ते सुक्यामेव्यात सापडत नाही, रब्बीच्या रानात सापडतं: करडईचा दाणा. आपण ज्याला करडईचं बी म्हणतो ते अख्खं फळ आहे. दोन किंजदलं, आत एक बी, भिंत वाळून टणक, कधी न उकलणारी. शास्त्राने सूर्यफुलाच्या कुळातल्या अशा फळांसाठी वेगळं नाव राखून ठेवलं आहे म्हणून, नाहीतर करडईला काजूच्या वरच्या पंक्तीत बसवावं लागलं असतं.

आता स्वयंपाकघरात चला. तिथे कुणी भिंत पाहत नाही. तिथे पाहतात ते भाजल्यावर काय होतं, दाताखाली काय होतं, कुटल्यावर तेल सुटतं का. वऱ्हाडातली एखादी सुगरण फल्ली, तीळ आणि जवस एका ओळीत ठेवेल, कारण तिन्हींची चटणी होते. शास्त्राच्या लेखी शिंबा, बोंड, बोंड असा हा हिशोब. पण खलबत्त्याला तिन्ही सारखेच. खोबरं आणि खसखस दुसऱ्या ओळीत, रश्शाच्या वाटणासाठी. चारोळी आणि पिस्ता वरून पेरायला. बदाम-काजू दुधात आणि शिऱ्यात. आणि खारीक, मनुका, अंजीर यांना कवच नाही, आतला गर नाही, तरी ते सुक्यामेव्याच्याच डब्यात, कारण ते सुकलेले आहेत, गोड आहेत आणि लाडवात जातात.

या वर्गवारीचा पाया तेलाचा आहे, हे एका उदाहरणाने लक्षात येतं. शास्त्राची पक्की कपाली असलेलं चेस्टनट घ्या. त्यात तेल अगदी थोडं, बाकी सगळा पिठूळपणा. इटलीच्या डोंगराळ भागात त्याचं पीठ करून खात आले. आपल्याकडे हे काम तळ्यातला शिंगाडा करतो: उकडतो, वाळवतो, दळतो, उपवासाच्या पिठात जातो. चेस्टनट आपल्या बाजारात आलं तर आपल्या बायका ते काजूजवळ ठेवणार नाहीत, शिंगाड्याजवळ ठेवतील. आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर असेल.

शरीराची अजून एक वर्गवारी आहे, ती कुणाला विचारत नाही. फल्लीची ॲलर्जी असलेल्या माणसाला काजू सोसेलच किंवा सोसणार नाहीच असं सांगता येत नाही. पण काजूची ॲलर्जी असलेल्याला पिस्ता बाधण्याची शक्यता बरीच असते, कारण दोघांची प्रथिनं जवळच्या नात्यातली. इथे शरीर स्वयंपाकघराचं ऐकत नाही, कुळाचं ऐकतं. नारळ ॲलर्जी करणाऱ्या मेव्याच्या यादीत असावा की नसावा यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं घोळ होता. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये त्याला या यादीतून काढलं.

आता उरली गोडंबी. तिच्यासाठी बसण्याची जागा थोडी नीट करून घ्या. यापुढचं मी सावकाश सांगणार आहे.

गोडंबी हातात असेल तर पाहा: चपटी, एका टोकाला निमुळती, मळकट पांढरी. चव बदाम आणि चारोळी यांच्या मधली कुठली तरी. बाळंतिणीच्या लाडवात ती हमखास घालतात; डिंक, खारीक, खोबरं, मेथी आणि गोडंबी, कमरेला बळ यावं म्हणून. ही गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर.

बिबा मात्र हातात घेऊ नका. हे मनन त्याच्यावर करायचं ते मनातच.

पानगळीच्या रानात बिब्याचं झाड उभं आहे. मोठी, लांबट, खरखरीत पानं. थंडीत फळं पिकतात. फळाचा वरचा भाग मांसल, पिवळा-नारिंगी. तो खाता येतो, वाळवून, भाजून खातात. त्याच्या टोकाला बाहेर बसलेला काळा, चकचकीत, चपटा बिबा. ही रचना ओळखीची वाटेल. काजूचं बोंडू आणि त्याखाली लोंबणारी बी आठवा. दोन्हींत मांसल भाग हा फुलाच्या बैठकीचा आणि देठाचा फुगलेला भाग आहे. खरं फळ ते खालचं काळं किंवा राखी, आणि ते अश्मगर्भी. काजू ब्राझीलमधून पोर्तुगीजांबरोबर कोकण-गोव्यात आला आणि तिथल्या लोकांना तो नवा वाटला असेल. डोंगरापलीकडच्या रानात त्याचा चुलतभाऊ हजारो वर्षं उभाच होता.

आता या फळाच्या बाजूने विचार करा. ते कुणाला तरी बोलावतं आहे: नारिंगी रंग, गोड गर, या आणि खा. आणि त्याच वेळी ते कुणाला तरी अडवतं आहे: काळ्या भागाला दात लावू नका. रोप आणि त्याची शिदोरी त्या काळ्या भागात आहे. खाणाऱ्याने गर खावा, बिबा तसाच दूर कुठे तरी टाकावा, एवढीच झाडाची अपेक्षा. म्हणून बिब्याच्या भिंतीत, बाहेरच्या आणि आतल्या थराच्या मधल्या पोकळ्यांत, एक दाट रस भरलेला असतो. हवेत तो काळा होतो. बदामाने नुसती कठीण भिंत बांधली. काजूने आणि बिब्याने भिंतीत विष भरलं.

हा रस अमेरिकेतल्या 'पॉयझन आयव्ही' या वेलीच्या रसाचा जवळचा नातलग. आंब्याच्या देठाशी चीक येतो, तो ओठाला लागला की चट्टा उठतो. त्याच घराण्याची ही जहाल शाखा. कातडीवर लागला तर जळतो, फोड येतात, पाणी धरतं, काळा डाग राहतो. काही माणसांच्या अंगावर तो लगेच उठत नाही. दोन दिवसांनी उठतो, आणि रस लागला तिथेच नाही तर इतरत्रही पुरळ येतं. बिबा उतला, असं आपण म्हणतो. गावातल्या उपचारात अशा वेळी खोबरं आणि तीळ येतात, खायला आणि लावायला. वैद्यकात भल्लातक म्हणून तो औषधी आहे. पण वापरण्याआधी विटकरीच्या चुऱ्यात चोळून त्याचं शोधन करायला सांगितलेलं आहे. घरी करून पाहण्याचा हा प्रकार नव्हे. नवव्या शतकात बगदादला अल-बलाधुरी नावाचा मोठा इतिहासकार होऊन गेला. बिब्याला अरबीत बलाधुर म्हणत, आणि स्मरणशक्ती वाढावी म्हणून त्या घराण्यातल्या कुणी तरी तो अती खाल्ला, त्यात भ्रम झाला आणि नाव पडलं, अशी कथा आहे.

चुन्याबरोबर हा रस कापडावर लावला की डाग जात नाही. धोबी याने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर ठरावीक जागी पुरळ उठायला लागलं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना शोध घेता घेता धोब्याच्या खुणेपर्यंत यावं लागलं. आपल्याकडे बिबा दारावर काळ्या बाहुलीबरोबर, लिंबू-मिरचीबरोबर टांगतात. वाईटाला अडवायला ज्याच्या अंगात मुळात अडवण्याची शक्ती आहे तेच फळ निवडलं गेलं.

तर मग वाटीतली गोडंबी बिब्यातून बाहेर कशी आली? इथे श्वास जरा सावकाश घ्या आणि हात पाहा. स्वतःचे.

पातुरात बायका बिबे फोडतात. जमिनीवर बसून, एकेक बिबा ठेवून, त्यावर घाव घालून. भिंत फुटते, गर निघतो. पण भिंत फुटली की तिच्यातला रसही सुटतो. तो बोटांवर उडतो, कधी तोंडावर उडतो. राख, तेल, चिंधी, जे हाताशी असेल त्याने हात जपायचे. तरी बोटं काळी होतात, कातडी सोलते. पोत्याच्या पोती बिबे, आणि एकेका बिब्यातून एकच गर, तोही नखाएवढा. किलोभर गोडंबी भरायला किती घाव लागत असतील ते मनातल्या मनात मोजायला घ्या. मोजणी लवकरच सुटेल, सुटू द्या.

वनस्पतिशास्त्राने विचारलं, भिंतीचं काय झालं. स्वयंपाकघराने विचारलं, तेल सुटतं का. शरीराने कूळ विचारलं. बिबे फोडणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा आहे: हे फोडताना मला काय लागणार? तिच्या हिशोबात फल्ली एका टोकाला, बोटांनी दाबली की फुटणारी, पोरासोरांनी गप्पा मारत सोलायची. बदाम तिच्या पुढे, दगड लागतो इतकंच. चारोळी कष्टाची, पण निरुपद्रवी. काजू आणि बिबा अगदी दुसऱ्या टोकाला. या वर्गवारीत काजू आणि बदाम शेजारी बसत नाहीत. ही वर्गवारी शास्त्राइतकीच काटेकोर आहे, कारण ती भिंतीच्या त्याच थरांवर उभी आहे. फक्त ती चष्म्यातून पाहून केलेली नाही.

दुकानात काजू कवचासकट कधी का दिसत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. अक्रोड दिसतो, पिस्ता दिसतो, बदाम दिसतो, फल्ली तर दिसतेच. काजू आणि गोडंबी आपल्यापर्यंत फोडूनच येतात. त्यांची भिंत कुणा दुसऱ्याच्या हातात राहते. काजूचं काम आता बरंचसं भाजून, वाफवून, यंत्रावर कापून होतं, तरी गर काढायला आणि निवडायला बायकांचे हात लागतातच. काजूच्या भिंतीतला रसही वाया जात नाही. रंग, वार्निश, गाड्यांच्या ब्रेकचं अस्तर यांत त्याचा उपयोग होतो. फळाच्या भिंतीने अडवायला बनवलेला रस गाडी अडवायला लागतो, हे मला फार समर्पक वाटतं.

मग व्यापाऱ्याची वर्गवारी. काजूला तिथे डब्ल्यू 180, डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 अशी नावं आहेत. 'डब्ल्यू' म्हणजे अख्खा, आणि आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. त्यानंतर पाकळ्या, मग तुकडा, मग कणी. कूळ कुठलं, भिंत कशी, हात कुणाचा, यातलं काही या आकड्यात शिरत नाही. गोडंबीचीही अशीच निवड होते, तिला आकडे नसले तरी: अख्ख्या गराला मान जास्त, तुटक्याला कमी.

या मानाचा अर्थ बिब्यापाशी बसून लावा. अख्खा गर हवा असेल तर घाव बेताचा आणि नेमका बसावा लागतो. घाव नेमका बसायचा तर बिबा निसटता कामा नये, आणि निसटू नये म्हणून तो बोटांनी धरावा लागतो. दणका देऊन फोडला तर बोटं दूर राहू शकतात, पण गराचे तुकडे होतात.

थंडी लागली की तुम्ही लाडवांचं सामान आणायला जाल. दुकानदार विचारेल, गोडंबी अख्खी देऊ की तुकडा. तुकडा मागा. डिंकाच्या लाडवात ती तशीही भरड कुटूनच घालतात.